चामड्याची चकती

लालबागची आमची चाळ पुनर्विकासासाठी रिकामी करायची नोटीस आली, तेव्हा दहा बाय बाराच्या त्या खोलीत आता फारसं काही उरलं नसेल, असंच मला वाटत होतं. वडील जाऊन बरीच वर्षं झाली. आई गेली दहा वर्षं आमच्याकडे डोंबिवलीला. खोलीला कुलूप. पण कुलूप काढलं आणि चाळीस वर्षांचा संसार अंगावर आला. तांब्याचा बंब, पत्र्याची ट्रंक, तीन पाट, गणपतीच्या मखराच्या काठ्या. आणि खिडकीखाली, विरलेल्या चादरीने झाकलेलं आईचं शिवणाचं मशीन.

भंगारवाल्याने चादर उचलली. बिडाच्या स्टँडवर टिचकी मारली, वजनाचा अंदाज घेतला आणि किलोच्या हिशेबाने एक आकडा सांगितला. ‘‘मशीन बंद आहे साहेब. चाक फिरत नाही. नुसतं लोखंड समजा.’’ त्याचं खोटं नव्हतं. मी दोन्ही हातांनी जोर लावून पाहिला, चाक जागचं हललं नाही.

मी आईला फोन लावला. वाटलं होतं, ती म्हणेल, ‘नको रे देऊस.’ ती म्हणाली, ‘‘देऊन टाक. जागा कुठाय तुमच्याकडे?’’ आणि फोन ठेवून दिला.

मी दिलं नाही. टेम्पोत घालून डोंबिवलीला आणलं आणि गॅलरीत ठेवलं. का, ते त्या दिवशी मला सांगता आलं नसतं. पुढचे तीन आठवडे मी त्या मशीनशी झटत होतो. त्यातून मशीनबद्दल जे कळलं ते तर सांगायचंच आहे, कारण अनेकांच्या घरी असं एखादं मशीन इस्त्रीचे कपडे रचून ठेवायच्या कामी येत असेल. पण त्याहून अधिक कळलं ते आईबद्दल.

संप आणि शिवण

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला, तेव्हा मी पाचवीत होतो. डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईतले अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार बाहेर पडले. माझे वडील साचेखात्यात होते. सुरुवातीला चाळीतली माणसं म्हणायची, महिन्याभरात मिटेल. मग म्हणू लागली, दिवाळीपर्यंत मिटेल. नंतर त्यांनी म्हणायचंच सोडून दिलं. तो संप रीतसर मागे असा कधी घेतलाच गेला नाही.

मशीन आईने त्याच्या कितीतरी आधी घेतलं होतं. दुकान बंद करून गावी निघालेल्या एका शिंप्याकडून, भिशीच्या पैशांत, जुनंच. तोवर त्यावर घरचंच शिवण व्हायचं. उशांचे अभ्रे, आमच्या चड्ड्या, फाटक्या साडीची गोधडी. संपानंतर चाळीतलं शिवण यायला लागलं, मग गल्लीतलं. परकर, पोलकी, ब्लाऊज, दप्तराच्या पिशव्या, बाळंतविड्यातली झबली-टोपडी. रात्री साडेनऊनंतर मशीन चालवायचं नाही, असं शेजाऱ्यांशी ठरलेलं होतं. पण लग्नसराईत शेजारीच भिंतीपलीकडून सांगायचे, ‘‘चालू द्या वहिनी, आम्हाला सवय झालीय.’’ माझं अंथरूण मशीनच्या जाळीलगत असायचं. मशीन चालू असताना झोप लागायची आणि ते थांबलं की जाग यायची.

गिरणगावातल्या खानावळी चालवणाऱ्या बायकांचं नाव निदान निघतं. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढून त्यांना एकत्र आणलं होतं. घराच्या कोपऱ्यात बसून शिवणाऱ्या बायका तशा विखुरलेल्याच राहिल्या. त्यांचं काम घरकामातच जमा झालं.

इतरांना काय म्हणू? शाळेच्या फॉर्मवर ‘वडिलांचा व्यवसाय’पुढे मी ‘गिरणी कामगार’ लिहायचो आणि ‘आईचा व्यवसाय’पुढे ‘गृहिणी’. वडिलांना काम नव्हतं आणि आईला रोज रात्रीचे अकरा वाजत होते, तरीही. हे मला कधी खटकलं नाही. वडील फॉर्मवर सही करायचे, त्यांनाही खटकलं नाही.

क्लाइडबँकहून लालबागला

गॅलरीत बसून मी मशीन पहिल्यांदाच नीट निरखलं. काळ्याभोर अंगावर सोनेरी वेलबुट्टी आणि ‘सिंगर’ हे नाव. बैठकीवर उजव्या बाजूला कोरलेला क्रमांक होता आणि त्याची सुरुवात ‘वाय’ या इंग्रजी अक्षराने होत होती. सिंगरच्या क्रमांकांना भाषा असते. ‘वाय’ म्हणजे स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकच्या कारखान्यात, दोन महायुद्धांच्या मधल्या काळात तयार झालेलं मशीन. आईने ते घेतलं तेव्हाच त्याचं वय तिच्यापेक्षा जास्त होतं.

क्लाइडबँकचा हा कारखाना १८८५ साली सुरू झाला. १९१३ या एका वर्षात तिथून तेरा लाखांच्या वर मशिनं बाहेर पडली. पण मला थबकवलं ते १९११ सालाने. त्या वर्षीच्या मार्चमध्ये लाकडी टेबलांना पॉलिश करणाऱ्या बारा बायकांनी, त्यांच्यावर वाढीव काम लादलं म्हणून, हातातलं काम खाली ठेवलं. बघता बघता सुमारे अकरा हजार कामगार त्यांच्यामागे बाहेर पडले. तीन आठवड्यांत संप मोडला आणि पुढे चारशेच्या वर लोकांना कामावरून काढण्यात आलं. १९८० साली तो कारखानाच बंद झाला. आज तिथे ‘सिंगर’ नावाचं रेल्वे स्टेशन आहे, कारखाना नाही. आपल्याकडेही गिरण्यांच्या जागी टॉवर उभे राहिले आणि गिरण्यांची नावं पत्त्यांत उरली. बायकांनी सुरू केलेल्या एका संपाच्या कारखान्यातलं यंत्र, दुसऱ्या एका संपात माझ्या आईच्या पायाखाली आलं, हे तिला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, ‘‘त्यांनाही पगार मिळाला नसेल मग.’’

शिवणयंत्राचा शोध एका कोणाचा नाही. टोकाजवळ छिद्र असलेली सुई आणि खालचा दुसरा दोरा यांचं पेटंट अमेरिकेत एलायस हाऊने १८४६ साली घेतलं. आयझॅक सिंगरचं पेटंट १८५१चं. सिंगरचं यंत्र घरोघर पोचलं त्याचं बरंचसं श्रेय मात्र त्याचा भागीदार एडवर्ड क्लार्क याला जातं. १८५६च्या सुमारास त्याने हप्त्यांवर मशीन द्यायची पद्धत सुरू केली. एकरकमी पैसे नसलेल्या घरात यंत्र शिरलं ते या वाटेने. आमच्या घरात ते भिशीच्या वाटेने आलं, एवढाच फरक. हिंदुस्थानात सिंगरचा जम बसवण्यात एन. एम. पटेल या पारशी एजंटांचा मोठा वाटा होता. पुढे १९०९ साली रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यात उभ्या राहिलेल्या सेवासदनासारख्या संस्थांनी शिवणवर्ग चालवले, आणि शिवण ही बाईला पायावर उभं करणारी गोष्ट ठरली.

यंत्रांकडे संशयाने पाहणाऱ्या गांधीजींनीही १९२४ साली सिंगरच्या मशीनचा अपवाद केला होता. बायकोचे शिवणाचे कष्ट पाहून, तिच्यावरच्या प्रेमापोटी सिंगरने हे यंत्र केलं, अशी त्यांची समजूत होती. खऱ्या सिंगरचं घरगुती आयुष्य इतकं गोड नव्हतं. पण यंत्राने माणसाचे कष्ट वाचतात का, हा गांधीजींचा प्रश्न त्यामुळे रद्द होत नाही. तो मला पुढे आईलाच विचारावा लागला.

खोबरेल, रॉकेल आणि माझा उतावीळपणा

चाक का अडलं होतं, ते नाकाने सांगितलं. तेल सोडायच्या छिद्राला नाक लावलं तर खवट खोबरेलाचा वास. मशीनचं तेल संपलं की आपल्याकडे बायका डोक्याला लावायचं तेल मशीनला घालत. त्या वेळी मशीन चालतंही. पण ते वर्षानुवर्षं धूळ आणि कापडाच्या तंतूंमध्ये मिसळत राहतं, राळेसारखं चिकट होतं आणि मशीन बंद पडून राहिलं की प्रत्येक सांधा धरून ठेवतं. म्हणजे बहुतेक ‘जाम’ मशिनं मोडलेली नसतात, चिकटलेली असतात. अशा वेळी जोर लावायचा नाही. जोराने मोडेल ते परत मिळणार नाही.

उपाय जुनाच आहे. रॉकेल. हल्ली शहरात वाटीभर रॉकेल मिळवणं हेच एक काम होऊन बसतं. जिथे लोखंडावर लोखंड फिरतं, त्या प्रत्येक जागी दोन-दोन थेंब सोडायचे, रात्रभर मुरू द्यायचं, सकाळी चाक हलकेच मागे-पुढे करून बघायचं. डाव्या अंगाची पत्र्याची झडप एका स्क्रूवर निघते, मागची गोल झाकणी दुसऱ्या स्क्रूवर. आतला सगळा कारभार उघडा पडतो. बायकोच्या केस वाळवायच्या यंत्राने सांधे जरा शेकले तर जुनं तेल लवकर सुटतं, हा शोध घरात फारसा आवडला नाही. चौथ्या दिवशी चाक बोटाच्या पेराएवढं हललं. सहाव्या दिवशी पूर्ण वेढा फिरलं. मी एकटाच गॅलरीत टाळ्या वाजवल्या.

त्याआधी दुसऱ्या दिवशी मात्र मी एक चूक करून बसलो होतो आणि ती आता सुधारता येणार नाही. अंगावरचा चिकट थर निघेना, म्हणून फडक्यावर स्पिरिट घेतलं आणि घासलं. मळ निघाला. त्याबरोबर ‘सिंगर’मधली शेवटची दोन अक्षरंही निघाली. जुन्या मशीनवरची सोनेरी नक्षी लाखेच्या पातळ थराखाली असते आणि लाख स्पिरिटात विरघळते. हे नंतर कळून काय उपयोग? फडक्यावर सोन्याची धूळ चमकत होती. नक्षी पुसायची ती मशीनच्याच तेलाने, मऊ सुती कापडाने, दोन-तीन दिवस पुन्हा पुन्हा. मळ हळूहळू निघतो आणि सोनं राहतं.

खोलताना दोन गोष्टी पाळल्या तर पुढचा मनस्ताप वाचतो. पहिली, स्क्रूच्या खाचेत नेमका बसेल असाच स्क्रूड्रायव्हर घ्यायचा. सैल घेतला की खाच झिजते, मग तो स्क्रू निघत नाही, आणि या मशीनचे स्क्रू हार्डवेअरच्या दुकानात मिळत नाहीत. दुसरी, निघालेला प्रत्येक भाग क्रमाने ठेवायचा. मी अंड्यांचा रिकामा ट्रे घेतला. तरी चाकामागची तीन कानांची चकती बसवताना फसलोच. ती उलटी बसली की चाक नुसतं गरगर फिरतं आणि सुई जागची हलत नाही. अर्धा दिवस गेला. ती अर्धा वेढा फिरवून बसवली आणि काम झालं.

सुईखालची पट्टी काढली तेव्हा कापड पुढे सरकवणाऱ्या दात्यांमध्ये तंतूंचा थर घोंगडीसारखा दाबून बसलेला होता. चिमट्याने उचलला तर पापुद्रे सुटत गेले. गुलाबी, मोरपिशी, शाळेच्या गणवेशाचा निळा, पुन्हा गुलाबी. चाळीतल्या कितीतरी लग्नांचे आणि बारशांचे रंग माझ्या तळहातावर होते.

स्टँडची सफाई शेवटी केली. पायाखालची जाळी आणि बाजूचं मोठं चाक यांना जोडणारा एक उभा दांडा असतो. त्याच्या खालच्या सांध्यात काहीतरी काळं, कडक होऊन अडकलं होतं. तेलाचं कीट समजून मी ते उकरून काढलं आणि कचऱ्यात टाकलं.

सुट्या भागांचं शहाणपण

बॉबिनची डबी गंजून फुकट गेली होती. ती घेऊन मी शिलाई मशीनच्या सुट्या भागांच्या दुकानात गेलो. मनात धाकधूक, की नव्वद-शंभर वर्षांपूर्वीच्या मशीनचा भाग आता कुठे मिळणार? दुकानदाराने डबीकडे धड पाहिलंही नाही. मागच्या खोक्यातून नवी काढून काउंटरवर ठेवली. घरी येऊन बसवली तर टक् आवाज करून जागच्या जागी बसली.

यात जादू नाही. आमचं मशीन सिंगरच्या पंधरा नंबरच्या घाटाचं. हा घाट इतका चालला की दुसऱ्या महायुद्धानंतर जपानी कारखान्यांनी तोच उचलला आणि आपल्याकडची उषासारखी काळी घरगुती मशिनंही त्याच वळणाची. आज लुधियानात बनलेली डबी, सुई, बॉबिन स्कॉटलंडच्या जुन्या मशीनला चालते ती त्यामुळे. वस्तू टिकते ती नुसत्या जाड लोखंडामुळे नाही. तिचे झिजणारे भाग बदलता यावेत अशी ती केलेली असते, आणि ते भाग कोणीतरी अजून बनवत असतं, म्हणून ती टिकते.

टाका कसा पडतो, तेही मी तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं. झडप उघडी ठेवून चाक हाताने सावकाश फिरवायचं. सुई दोरा घेऊन कापडाखाली जाते आणि वर येताना दोरा किंचित सैल पडून त्याचा लहानसा फास तयार होतो. नेमक्या त्या क्षणी खालच्या शटलचं टोक फासात शिरतं, त्याला ओढून बॉबिनच्या डबीभोवती फिरवतं आणि सोडून देतं. वरचा दोरा खालच्या दोऱ्याला मिठी मारून वर जातो. झाला टाका. लहानपणी त्याच्याशेजारी झोपलो, पण हे कधी वाकून पाहिलं नव्हतं. ते बायकांचं काम होतं.

‘‘चकती कुठेय?’’

सगळं जुळवलं. नवा चामडी पट्टा मापाने कापून तारेच्या आकड्याने जोडला. तेल घातलं. सोळा नंबरची सुई, सुती दोरा, जुन्या चादरीचा तुकडा. जाळीवर पाय ठेवला तर चाक उलटं फिरलं आणि दोरा तुटला. चाक आपल्या दिशेने फिरलं पाहिजे, म्हणून सुरुवात हाताने करून द्यावी लागते. तीही सवय झाली. पण कापडाच्या खालच्या बाजूला दोऱ्याची नुसती जाळी. गाठीच गाठी. मी बॉबिनची डबी काढून तिचा बारीक स्क्रू पिळत बसलो. डबी दोऱ्याला धरून टांगावी, आपल्या वजनाने घसरू नये आणि हिसका दिला तर थोडी उतरावी, एवढा ताण हवा. तसा ताण आला, तरी गाठी तशाच.

आई दहा-बारा दिवस गॅलरीत येऊन कपडे वाळत घालत होती. मशीनकडे तिने मान वळवून पाहिलं नव्हतं. आताही तिने पाहिलं नाही. आतून, भाजी निवडता निवडता म्हणाली, ‘‘खाली गाठी पडतायत ना? मग वरचं बघ.’’

‘‘अगं, गाठी खाली आहेत.’’

‘‘खालच्या गाठींचा दोष वरच असतो. पाय उचलून दोरा ओवलास का?’’

नव्हता ओवला. कापड दाबून धरणारा पाय खाली असला की वरच्या दोऱ्याला ताण देणाऱ्या दोन चकत्या मिटलेल्या असतात आणि दोरा त्यांच्यामध्ये बसतच नाही. पाय उचलला, दोरा पुन्हा ओवला. टीप सरळ आली, दोन्ही बाजूंनी सारखी.

मी खुशीत जोराने जाळी हाणायला लागलो, तर खालून आवाज. खट्, खट्, खट्. प्रत्येक वेढ्याला एक. हा आवाज मला ओळखीचा नव्हता. आईला तर नव्हताच. ती हातातली मेथीची जुडी तशीच घेऊन दारात आली.

‘‘चकती कुठेय?’’

‘‘कसली चकती?’’

‘‘खालच्या सांध्यातली. चामड्याची. काढलीस का?’’

मला उत्तर द्यायला वेळ लागला. ती तोवर समजली होती.

तो सांधा १९८३ सालीच झिजला होता. मेकॅनिकने नवा दांडा घ्यायला सांगितला. तेवढे पैसे नव्हते. वडिलांच्या चपला मोर्चांना जाऊन जाऊन फाटल्या होत्या. त्यातल्या एकीच्या तळव्याची, आठ आण्याच्या नाण्याएवढी चकती आईने ब्लेडने कापली, तेलात बुडवून ठेवली आणि सांध्यात बसवली. खडखड थांबली. दोन-अडीच वर्षांनी ती चकती झिजायची, मग नवी. ‘‘तुझ्या शाळेच्या बुटाची जीभपण गेलीय त्यात,’’ आई म्हणाली. बॉबिन भरायच्या चाकावरचं रबर सायकलच्या ट्यूबचं होतं, तेही तिनेच कापलेलं. रिळाखाली घोंगडीचा गोल तुकडा होता, तोही.

‘‘आणि मेकॅनिक?’’

‘‘एकदा आला होता. चहा पिऊन गेला.’’

मी तीन आठवडे ज्याला ‘दुरुस्ती’ म्हणत होतो, तिच्यातली निम्मी म्हणजे आईने केलेली दुरुस्ती काढून टाकणं होतं. आमच्या घरात इतकी वर्षं एक मेकॅनिक राहत होता आणि त्याच्याकडे कोणी तसं पाहिलं नव्हतं. जुनी वस्तू खोलणाऱ्या प्रत्येकाला माझं एवढंच सांगणं आहे. आत सापडलेला चिंधीचा, चामड्याचा, काडीपेटीच्या काडीचा तुकडा घाण समजून टाकू नका. तो तिथे का आहे, हे सांगणारं माणूस घरात असेल तर आधी त्याला विचारा.

त्या संध्याकाळी आम्ही दोघं माझी एक जुनी कोल्हापुरी घेऊन बसलो. आईने पेन्सिलने गोल काढून दिला, मी कापला. पहिला जाड झाला, दुसरा फाटला, तिसरा तिने पसंत केला. तो तेलात भिजत असताना मी तिला विचारलं, ‘‘आई, या मशीनने तुझे कष्ट वाचले की वाढले?’’

तिने जरा विचार केला. ‘‘हाताने एक परकर शिवायला दिवस गेला असता. मशीनवर तेवढ्यात चार झाले. मग मी चार शिवले. वाचले कुठे?’’ आणि थोड्या वेळाने, ‘‘पण घर चाललं.’’

‘‘मग देऊन टाक का म्हणालीस?’’

‘‘तू ते शोभेला ठेवशील म्हणून. वर काच टाकून फुलदाणी ठेवतात, बघितलंय मी. रात्री पाय इतके भरून यायचे की भिंतीला टेकवून झोपावं लागायचं. त्याची कसली शोभा?’’

चकती बसवली. आई स्टुलावर बसली. चष्मा सारखा केला, उशीचा फाटका अभ्रा सुईखाली सरकवला, हाताने चाकाला आपल्याकडे हलकी गती दिली आणि पाय चालू झाले. इतक्या वर्षांनंतरही चाक एकदाही उलटं गेलं नाही. आवाज बदलला होता. ज्या आवाजात मी झोपायचो, तोच आला. एक शिवण संपवून तिने कापड उलटलं, खालची टीप बोटाने चाचपली. ‘‘टीप बरी आहे. टाका जरा मोठा ठेवलायस,’’ म्हणाली आणि स्वतःच तो बारीक केला.

तेव्हापासून मशीन खोलीत, खिडकीपाशी आहे. दर पंधरा दिवसांनी तेल मी घालतो, मशीनचंच. अभ्रे, पिशव्या, पडद्यांच्या कडा एवढं काम त्यावर होतं. माझी मुलगी शिकते आहे, तिला चाक अजून उलटं जातं. निघालेली दोन अक्षरं पुन्हा रंगवून घेऊ या, असं ती म्हणते. मी ती तशीच ठेवली आहेत. माझ्या उतावीळपणाची तेवढी नोंद राहू द्यावी.

परवा आईला डोळ्यांच्या तपासणीला नेलं होतं. तिथला फॉर्म भरताना ‘व्यवसाय’ असा रकाना आला. मी ‘शिवणकाम’ लिहिलं आणि सहीसाठी कागद तिच्यापुढे धरला. तिने तो डोळ्यांजवळ नेऊन वाचला.

‘‘आता कुठे शिवते मी?’’ ती म्हणाली.

पण खोडायला सांगितलं नाही. सही केली आणि पेन माझ्या खिशाला लावून दिलं.